काकांची लांबलेली झोप

गोष्ट नेहमीप्रमाणे आत्याने सुरू केली आणि नेहमीप्रमाणे सासूबाईंनी पहिल्याच वाक्याला हरकत घेतली.

"डॉक्टर म्हणाले, आकडे मोज. ह्याने तीन मोजले आणि गाढ."

"दोन," सासूबाई म्हणाल्या.

"तीन. मी दाराशी उभी होते, वहिनी. तुम्ही नव्या नवरी, बाहेर बाकावर बसून डोळे पुसत होतात."

चष्म्याच्या दुकानाला सुट्टी होती आणि सगळं घर दुकानामागच्या खोलीत जमलं होतं. घरात कुणाचं काही मोठं असलं, परीक्षा, परगावची नोकरी, बाळंतपण, की त्याच्या आधीच्या सुट्टीला इथे चहा व्हायचा आणि काकांच्या झोपेची गोष्ट सांगितली जायची. त्याने म्हणे भीती जाते. ह्या वेळी पाळी सूनबाईच्या मुलीची, बटणची होती. बटणचा डावा डोळा नाकाकडे पळायचा. चष्मा लावून झाला, पट्टी बांधून झाली, आता गुरुवारी शस्त्रक्रिया. चष्मेवाल्यांच्या घरात तिरळी पोर म्हणजे दुकानाची उलटी जाहिरात, असं आत्या म्हणायची. पण म्हणायची ती बटणला मांडीवर घेऊन, तिचे केस विंचरता विंचरता, त्यामुळे रागही धरता यायचा नाही.

गोष्टीत प्रत्येकाचं वाक्य ठरलेलं होतं. अपेंडिक्स काढून झालं, पोट शिवून झालं, काका उठेनात, हे आत्याचं. "मग डॉक्टर घामाघूम होऊन पिशवी दाबत बसले," हे सूनबाईच्या नवऱ्याचं. खरं तर तो तेव्हा जन्मलाही नव्हता, पण वडील गेल्यावर त्यांचं वाक्य त्याच्याकडे आलं होतं. "एक नाही, दोन दिवस," हे सासूबाईंचं. आणि शेवटचं, काकांच्या आवाजात, बटणचं.

"चहा झाला का?" बटण जाड आवाज काढून म्हणाली. सगळे हसले. काकाही हसले. त्यांच्या वाटणीला तेवढंच काम होतं.

सूनबाई हसली नाही. लग्न होऊन आल्यापासून तिने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की ती ऐकताना डोक्यात किराणा मालाची यादी करता यायची. पण परवाच दवाखान्यात भुलीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, घरात कुणाला कधी भुलीचा त्रास? आणि नवरा त्यांच्या टेबलावरच्या चष्म्याची फ्रेम कुठल्या बनावटीची ते बघत म्हणाला होता, छे.

"पिशवी कशाला?" तिने विचारलं.

"कसली पिशवी?" नवरा म्हणाला.

"डॉक्टर दाबत होते ती."

"अगं, श्वासाची. तोंडावर लावतात ती रबराची."

"ते कळलं. पण झोपलेला माणूस स्वतःचा श्वास स्वतः घेतो ना? काका नुसते झोपले होते, तर डॉक्टर त्यांच्या वतीने श्वास का घेत होते?"

इतकी वर्षं ह्या प्रश्नाला गोष्टीत कुणी जागाच ठेवली नव्हती.

"झालं," आत्या म्हणाली. "हिला इंटरनेट लागलं."

"आत्या, मी नुसतं विचारलं."

"तू नुसतं कधी विचारतेस? दुधाचं नुसतं विचारतेस आणि दूधवाला बदलतो."

काका उठले. त्यांनी कप विसळला, रॅकवर उपडा ठेवला आणि पलीकडच्या कामाच्या खोलीत निघून गेले. काचेची कड घासायचं यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. सुट्टीच्या दिवशी.

*

फोन सूनबाईने लावला, पण सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवायला आत्यानेच लावलं. माझ्या भावाबद्दल बोलणं चाललंय ना, मग माझ्यासमोर चालू दे, असं तिचं म्हणणं.

डॉक्टरबाई तरुण असावी. आवाज तरी तसाच होता. आत्याला तरुण डॉक्टरांचा एक राग होता. ते हाताची नाडी बघत नाहीत, थेट पूर्वजांकडे जातात.

"चांगलं झालं फोन केलात," बाई म्हणाली. "भूल देताना आम्ही कधी कधी स्नायू एकदम सैल करायचं एक औषध देतो. बहुतेकांचं शरीर ते औषध चटकन मोडून टाकतं. काही घराण्यांमध्ये जनुकात एक बारीकसा बदल असतो, त्यामुळे ते मोडतच नाही. मग भूल उतरते, पण स्नायू सैलच राहतात. हात हलत नाही, पापणी हलत नाही, छातीसुद्धा नाही."

"म्हणजे माणूस झोपलेला नसतो?" सूनबाईने विचारलं.

"कधी कधी नसतो."

आत्याने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई टेबलावर नसलेला डाग पुसत होत्या.

"मुलीचं ऑपरेशन मी त्या औषधाशिवाय करू शकते," बाई सांगत होती. "पण मध्येच तिचा घसा आवळला तर मी पहिल्यांदा हात त्या औषधाकडेच नेईन. तो न्यायचा की नाही हे मला आधी कळलेलं बरं. काकांचं रक्त घेऊ, मुलीचं घेऊ, तुमच्या मिस्टरांचंही. पूर्वी हे कळायला माणूस टेबलावर अडकावा लागायचा. आता थेंबभर रक्तातून जनुकाचं अक्षर न् अक्षर वाचता येतं. पण अहवाल यायला वेळ लागेल. गुरुवार पुढे ढकलावा लागेल."

"नाही ढकलायचा," आत्या फोनकडे वाकून म्हणाली. "सुट्टीतला गुरुवार आहे तो. नंतर शाळा. आणि रक्तात काय एकच गोष्ट निघते का? उकरायला गेलं की सतरा रोग निघतील. ते कागदावर आले की कायमचे. पोरीच्या नावावर आत्तापासून कशाला चिकटवायचे?"

"आम्ही एवढंच बघणार, आजी. जे विचारलं नाही ते सांगणार नाही."

आजी म्हणाली ती. आत्याने पदर सावरावा तसा चेहरा सावरला.

"पण मला एक हवंय," बाई म्हणाली. "काकांना विचारा. झोप होती, की जाग होती आणि हलता येत नव्हतं? अहवालात अक्षर बदललेलं दिसेल. त्या बदलाने माणूस खरंच अडकतो का, ते माणसालाच विचारावं लागतं."

सूनबाईचा नवरा उठला आणि पलीकडच्या दारात जाऊन उभा राहिला. यंत्र थांबलं. त्याने विचारलेलं सगळ्यांनी ऐकलं. उत्तरही ऐकलं.

"आठवत नाही बुवा," काका म्हणाले. यंत्र परत सुरू झालं.

"बघा," आत्या म्हणाली. "संपलं."

पण ती जिंकली आणि तिला बरं वाटलं नाही. लहानपणी हाच भाऊ खोटं बोलताना वाक्याच्या शेवटी बुवा लावायचा. आई ह्यावरूनच पकडायची त्याला. आत्याने बटणच्या वेणीची रिबीन सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली. मनातून ती त्या क्षणी सुनेच्या बाजूला गेली होती, पण हे इतक्यात कुणाला कळू द्यायचं तिला कारण दिसत नव्हतं.

*

काच हातात असली की काका कुणाकडे बघत नसत, ही सगळ्यांना माहीत असलेली सवय होती. फोननंतरच्या सकाळी तिचा उपयोग होईल असं त्यांना वाटलं होतं. पण सूनबाई आली, स्टूल ओढलं आणि त्यांच्याकडे न बघता काचेकडेच बघत बसली.

"ही कुणाची?"

"पोस्टातल्या बाईंची. जवळचं आणि लांबचं एकत्र."

"काका, मी तुम्हाला खोटं बोलताय असं म्हणणार नाही."

"म्हटलंस की."

"बरं, म्हटलं." तिने टेबलावरची काचेची पूड बोटाने गोळा केली. "मला रात्रभर एकच दिसतं. ती टेबलावर आहे आणि सगळे म्हणतायत, किती शांत झोपलीय."

काकांनी यंत्र बंद केलं. काच पुसली, उजेडात धरली, परत पुसली. त्यांना ही मुलगी पहिल्यापासून आवडायची. ती घाबरट होती, पण घाबरून गप्प बसणाऱ्यातली नव्हती. त्यांचं उलट होतं.

"दोन दिवस नव्हतं ते," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत. दोन दिवस ह्या लोकांनी केले."

सूनबाईने स्टूल जवळ ओढलं.

"सगळं ऐकू येत होतं. ते डॉक्टर बिचारे पिशवी दाबता दाबता स्वतःशी आकडे मोजत होते, आणि मी मनात म्हणत होतो, चुकू नका, बाबा. डोळ्याला माशी बसली होती. तिला हाकलावं म्हणून पापणीला किती सांगितलं. आपलीच पापणी, पण परक्यासारखी."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"उठलो तर सगळे हसत होते. गोष्ट तयारच झाली होती. मीही तिच्यात जाऊन बसलो."

"काका, एवढंच कारण?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. काच हातात असून.

"तिथं एक माणूस काहीतरी बोललं. वाईट नव्हे. सहज. मी ऐकलं हे त्या माणसाला कळलं तर ते रात्री झोपायचं नाही. तुझ्यापेक्षा जास्त जागेल."

सूनबाईने कोण ते विचारलं नाही. हे काकांना फार बरं वाटलं. ती एवढंच म्हणाली, "डॉक्टर काय ऐकलंत ते विचारणार नाहीत. ऐकू येत होतं की नाही, एवढंच विचारतील."

"मग येतो," काका म्हणाले. "पण मला सुई चालत नाही, आधीच सांगतो."

*

सुई चालत नाही म्हणूनच सासूबाई बरोबर गेल्या. भाऊजींच्या तोंडात टाकायला त्यांनी पर्समध्ये गोळ्या घेतल्या होत्या, लहान मुलांसाठी घेतात तशा, आणि भाऊजींनी खोलीत शिरायच्या आधीच एक मागून घेतली.

डॉक्टरबाईंची खोली इवलीशी होती. भिंतीवर फुप्फुसांचं चित्र, खिडकीत वाळलेलं रोप. सूनबाई खुर्चीच्या टोकावर. भाऊजींनी सगळं सांगितलं. माशी, आकडे, पापणी. सासूबाई ऐकत होत्या. इतकी वर्षं आपण दोन दिवस दोन दिवस म्हणत हसलो.

"अशा वेळी स्वप्नंही पडतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "भूल उतरताना माशा, आकडे, आवाज, काहीही. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. पण तेव्हा कुणी बोललेलं काही आठवतंय का? जे दुसरं कुणी खरं आहे म्हणून सांगू शकेल?"

"नर्सच्या हातून ट्रे पडला."

"नर्सना कुठून आणणार आता?"

"डॉक्टर आकडे मोजत होते."

"ते हयात आहेत?"

भाऊजींनी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी सूनबाईकडे पाहिलं, आणि सूनबाईने खाली पाहिलं, आणि मग ते सासूबाईंकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करू लागले की सासूबाईंना कळलं.

त्या दिवशी त्या खोलीत त्यांना नेलं होतं. थोडाच वेळ. डॉक्टर म्हणाले होते, घरच्यांनी बघून घ्या. वन्सं दारातूनच परतल्या होत्या. घरच्यांपैकी आत हे दोघंच, त्या आणि त्यांचा नवरा.

"बोला, भाऊजी," त्या म्हणाल्या.

"जाऊ दे ना, वहिनी."

"तुमच्या नातीचा प्रश्न आहे. बोला म्हणते ना."

भाऊजींनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"दादा रडत होता," ते डॉक्टरबाईंना म्हणाले. "आणि एक बाई त्याला म्हणाल्या, काही म्हणा, आज घरात पहिल्यांदा शांतता आहे. गाणं नाही, काही नाही. आणि दादा हसला."

भाऊजी कामावर असताना गायचे. सकाळी यंत्र सुरू झालं की गाणं सुरू, दुपारी जेवणापुरतं बंद. ऑपरेशननंतर गायचे थांबले. घशात नळी घातली होती, तिने आवाज गेला, असं घरात सगळे मानत आले होते. सासूबाईंनीच किती जणांना ते सांगितलं होतं.

"मीच ती," सासूबाई म्हणाल्या. "असंच म्हटलं होतं. शब्दाला शब्द. खोलीत घरचे आम्ही दोघंच होतो आणि माझे यजमान आता नाहीत. लिहून घ्या, डॉक्टर. हा माणूस जागा होता."

डॉक्टरबाईंनी लिहिलं. मग त्यांनी रबरी पट्टी काढली आणि भाऊजींनी डोळे मिटून हात पुढे केला.

बाहेरच्या बाकावर दोघं बसले. सूनबाई बटणचं रक्त द्यायला गेली होती. ती मुद्दाम हळू चालत गेली, हे सासूबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"ते रडत होते म्हणून म्हटलं मी," सासूबाई म्हणाल्या. "हसवायला. लग्नाला महिना झाला नव्हता, रडणाऱ्या पुरुषाचं काय करायचं मला माहीत नव्हतं."

"माहितेय. तो हसला तेव्हा मलाही बरं वाटलं होतं."

"मग गाणं का टाकलंत?"

"वाक्य खरं होतं म्हणून."

सासूबाईंनी विचार केला. खोटं बोलायची ती वेळ नव्हती. "खरं होतंच," त्या म्हणाल्या. "तुम्ही भयंकर गायचात. पण टाका असं कुणी म्हटलं होतं? शेवटी मला त्या यंत्राचा आवाज ऐकावा लागला इतकी वर्षं. तो काय सुरेल आहे?"

भाऊजी हसायला लागले. हसता हसता गोळी घशात अडकली आणि खोकला आला, तेव्हा जाणाऱ्या नर्सने पाणी आणून दिलं. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर चापट्या मारल्या, जरा जास्तच जोरात, आणि मग डोळे पुसून घेतले. जवळपास कुणी नव्हतं.

*

अहवाल आले तेव्हा शाळा सुरू झाली होती. डॉक्टरबाईंनी सगळ्यांना एकदमच बोलावलं. आत्यालाही, कारण भावंडांचं बघायलाच हवं म्हणून तिचंही रक्त घेतलं होतं. द्यायला ती स्वतःहून गेली होती, कुणाला न सांगता, आणि परत आल्यावर मंडईत गेले होते म्हणाली होती.

"हा बदल आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन मिळाले तरच माणूस अडकतो," डॉक्टरबाईंनी समजावलं. "काकांमध्ये दोन आहेत. मुलीच्या बाबांमध्ये एक. मुलीमध्ये एक. म्हणजे मुलीला औषध उतरायला थोडा जास्त वेळ लागला असता, एवढंच. तरीही मी ते वापरणार नाही."

सूनबाईच्या नवऱ्याने तिचा हात धरला. तिने धरू दिला, पण डोळे डॉक्टरबाईंवरच ठेवले, कारण त्यांनी अजून एक कागद हातात घेतला होता.

"आणि आजींमध्ये दोन."

"माझं कधी काही कापलेलं नाही," आत्या म्हणाली.

"नशीब म्हणायचं. पुढे कधी लागलं, पडलात, काही काढावं लागलं, तर हे कार्ड दाखवायचं. कायम जवळ ठेवा."

आत्याने कार्ड घेतलं, चष्मा वर करून वाचलं, चष्मा खाली करून वाचलं. उतरताना जिन्यात ती सूनबाईजवळ थांबली. "तू विचारलं नसतंस तर मी त्यांच्या टेबलावर पडून ह्यांच्या गप्पा ऐकत बसले असते," ती म्हणाली. "आणि मी काही ह्याच्यासारखी गप्प राहिले नसते. उठून एकेकाचं काढलं असतं." मग पुढे जाऊन तिने ते कार्ड रिक्षावाल्याला दाखवलं. पुढच्या आठवड्यात दाताच्या डॉक्टरला, दूधवाल्याला आणि पोस्टातल्या बाईंनाही.

शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी सूनबाईने दाराच्या काचेतून शेवटचं पाहिलं ते डॉक्टरबाईंच्या स्टुलाकडे. बटणच्या डोक्याशी ते मांडलेलं होतं. "मी इथून उठणार नाही," त्यांनी सांगितलं होतं. "आणि एक लक्षात ठेवा. बाहेर आणल्यावर ती पडून असेल, पण डोळ्यांच्या आधी कान जागे होतात."

हे वाक्य घरच्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं.

बटणला बाहेर आणलं तेव्हा तिच्या डोळ्यावर पट्टी होती आणि ओठ कोरडे. सूनबाईने चादर वर केली आणि पायाशी जाऊन उभी राहिली. तिला फक्त पायाची बोटं बघायची होती. बाकी सगळे पलंगाभोवती, आणि कुणी काही बोलेना. मग आत्याने तोंड उघडलं, "किती ही," इथपर्यंत आली, थांबली, आणि म्हणाली, "किती ही गुणाची पोर."

"फार समजूतदार," नवरा म्हणाला.

"कधी हट्ट म्हणून नाही," सासूबाई म्हणाल्या, सकाळीच तिने बूट भिरकावले होते तरी.

"जेवणाची कटकट नाही."

"आवाज तर काय गोड."

"अभ्यासात पहिली."

"बालवाडीत अजून अभ्यास कुठे आहे तिला?" काका म्हणाले.

"असेल तेव्हा," आत्या दबक्या आवाजात म्हणाली. "तू गप्प."

सूनबाईने बोटांवरची नजर हलवली नव्हती, आणि म्हणून अंगठा हलला ते पहिल्यांदा तिलाच दिसलं. मग शेजारचं बोट. मग गुडघा, चादरीखाली, चांगला ऐसपैस. छाती आपली आपण वर गेली, खाली आली. सूनबाईने पलंगाची दांडी धरली. सकाळपासून पहिल्यांदा तिला बसावंसं वाटलं.

"कुणाबद्दल बोलताय?" बटणने घोगऱ्या आवाजात विचारलं.

काका पुढे झाले आणि उशीपाशी वाकले.

"तुझ्याबद्दलच," ते म्हणाले. "थोडं वाढवून सांगतायत. पण तू पडून ऐकून घे."